व्यापारवार्तांतील इंग्रजी शब्द आणि श्रावकाचे अचौर्याणुव्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांगलीच्या वखारभागात किंवा साताऱ्याच्या सदाशिव पेठेत 'सँक्शन' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे ते 'सँक्शन' झाले. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर येतो तो सँक्शन झाल्यावर आणि व्यापाऱ्याची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढते तीही सँक्शन झाल्यावरच. असा हा घरोघरी मुरलेला, मंगल वार्ता आणणारा शब्द आहे. परंतु हाच शब्द इंग्रजी वृत्तपत्राच्या परराष्ट्र पानावर इराणच्या किंवा रशियाच्या नावाशेजारी छापला जातो तेव्हा त्याचा अर्थ थेट उलटा होतो. तेथे 'सँक्शन' म्हणजे निर्बंध, म्हणजे त्या देशाशी व्यवहार करू नये यासाठी घातलेला बांध. एकाच शब्दाच्या पोटात मंजुरी आणि मनाई असे दोन्ही अर्थ नांदत असल्यामुळे, इंग्रजी येते असे समजणारा माणूसही येथे ठेच खातो.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याचे मार्ग गेल्या काही दशकांत उदंड झाले. स्पोकन इंग्लिशचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, रोज दहा शब्द पाठ करण्याची पुस्तके निघाली. त्यातून काही लाभ होत नाही असे नाही. तथापि पाठ केलेला शब्द परीक्षेपुरता टिकतो, कारण त्याला धरून ठेवणारी वस्तू मनात नसते. व्यापारी आणि शेतकरी कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. सांगली-साताऱ्याच्या जैन समाजात एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी घरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला अडत, किराणा, कापड, सोने-चांदी यांच्या पेढ्या आहेत. हळद, बेदाणा, साखर, गूळ, आले हा माल त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. या मालाविषयी जगात काय घडते आहे ते सांगणारी बातमी इंग्रजीत वाचली, तर तिच्यातील शब्द मालाला चिकटून येतो आणि सहसा विसरला जात नाही.

शब्द फसवतात कसे, ते प्रथम पाहू. 'ड्यूटी' म्हणजे कर्तव्य हे शाळेत शिकवले जाते. बंदरावर ड्यूटी म्हणजे आयात-निर्यात शुल्क. 'ग्राउंड' म्हणजे मैदान. परंतु मसाल्याच्या बातमीत 'ग्राउंड टर्मरिक' आले की तेथे मैदान नाही, दळणे या अर्थाच्या 'ग्राइंड' क्रियापदाचे ते भूतकालवाचक रूप आहे, म्हणजे हळद पूड. 'डिफॉल्ट' या शब्दाने तर पेढीवर धडकीच भरते, कारण बँकेच्या भाषेत तो थकबाकीदाराला लावला जातो. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र 'डिफॉल्ट लिमिट' म्हणजे, ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तेथे सरसकट लागू होणारी मर्यादा. ती किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. मथळ्यांत येणारा 'रो' हा रांग नसून तंटा असतो, 'नॉड' म्हणजे मान हलवणे नसून संमती असते, आणि 'कर्ब' म्हणजे आवर घालणे. मथळा लिहिणाऱ्याला जागा कमी असते म्हणून तो असे आखूड शब्द निवडतो. हे एकदा कळले की निम्मे इंग्रजी वृत्तपत्र आपोआप सोपे होते.

'मोस्ट फेवर्ड नेशन' हे तर फसवणुकीचे नामांकित उदाहरण म्हणावे लागेल. शब्दशः पाहता वाटते की एखाद्या देशाला लाडका ठरवले. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की इतर देशांना जी वागणूक देतो तीच यालाही देऊ, याच्याविषयी पंक्तिप्रपंच करणार नाही. भारताने पाकिस्तानला हा दर्जा १९९६ मध्ये दिला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथील हल्ल्यानंतर तो काढून घेण्यात आला आणि तेथून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क बसले. त्या वेळी वृत्तपत्रे राजकारणाची चर्चा करत होती, पण किराणा बाजारातील जाणत्यांच्या मनात प्रथम आली ती खारीक, कारण ती मोठ्या प्रमाणावर तेथूनच येत असे.

काही शब्दांच्या बाबतीत उलट अनुभव येतो. ते परके वाटतात, पण निघतात नात्यातले. २०२५ साली ज्याने जगभर खळबळ माजवली तो 'टॅरिफ' मूळचा अरबी शब्द आहे. 'जाहीर करणे, ओळख सांगणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून तो इटालियनमार्गे इंग्रजीत गेला, आणि त्याच धातूपासून फारसीमार्गे मराठीत आली ती 'तारीफ'. एकाच कुळातले दोन भाऊ. एक स्तुतीच्या घरी गेला, एक जकात नाक्यावर बसला. 'शुगर' ही संस्कृतातील 'शर्करा'च, फारसी-अरबी वाटेने युरोपला पोहोचलेली. सातारा जिल्ह्याचे आले बाजारात नावाजलेले आहे. त्या आल्याचे इंग्रजी नाव 'जिंजर' हे संस्कृत 'शृंगवेर' आणि त्याच्या प्राकृत रूपांपासून ग्रीक-लॅटिनमार्गे उतरलेले आहे. आगमांच्या प्राकृतात आले 'सिंगबेर' म्हणून येते. गंमत अशी, की ज्या परंपरेने हा शब्द जपला तिच्या श्रावकाच्या पानात तो ओला कंद वर्ज्य. वाळून सुंठ झाली तर चालते. खायचे नाही, पण नाव सांभाळायचे, असा हा अपरिग्रही व्यवहार झाला.

आता हळदीकडे वळू, कारण सांगलीच्या संदर्भात या विषयाचा गाभा तेथे आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या अर्जावर, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे 'पेटंट' मंजूर झाले. पेटंटाचा क्रमांक ५४०१५०४. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवणाऱ्या सांगलीकरांना हे ऐकून हसू यावे की रडू, असाच प्रश्न होता. बोट कापले की हळद दाबावी, हे येथे लहान मुलालाही ठाऊक. परंतु लहान मुलाची साक्ष अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात चालत नाही. तेथे चालतो तो 'प्रायर आर्ट', म्हणजे ती गोष्ट पूर्वीपासून ज्ञात असल्याचा पुरावा, आणि परदेशातील ज्ञानाच्या बाबतीत तो छापील किंवा लिखित स्वरूपात दाखवावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटाला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील ग्रंथांतून ३२ संदर्भ सादर केले. त्यांत १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

त्या दोन वर्षांच्या बातम्या क्रमाने वाचल्या तर 'क्लेम', 'नॉव्हेल्टी', 'प्रायर आर्ट', 'री-एक्झामिनेशन', 'रिव्होक' हे पाच शब्द एका हळकुंडाच्या आधाराने शिकून होतात. 'नॉव्हेल्टी' हा शब्द येथे कपड्याच्या दुकानाच्या पाटीवर अनेकांनी पाहिला असेल. तेथे तो नवलाईच्या अर्थाने असतो. पेटंटाच्या कायद्यात नॉव्हेल्टी म्हणजे, पूर्वी कोणालाच ज्ञात नव्हते अशा गोष्टीचे नवेपण. हळदीचा खटला याच शब्दावर उभा राहिला आणि याच शब्दावर कोसळला. पुढे २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते २०१० मध्येच मिळाले होते. 'जिऑग्राफिकल इंडिकेशन' हा अवजड शब्द तेव्हापासून शेतकऱ्याच्या तोंडी 'जीआय' म्हणून रुळला आहे.

द्राक्षांचा धडा अधिक कठोर आहे. २०१० च्या हंगामात भारतातून युरोपला गेलेल्या द्राक्षांच्या कंटेनरांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि माल तेथील बंदरांवर अडकला. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी बागायतदार हे रसायन पूर्वापार वापरत होते. त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. 'रेसिड्यू' म्हणजे अवशेष. गणितात त्याला बाकी म्हणतात. त्या बाकीने निर्यातदारांचे आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. तासगाव, मिरज, पलूस या भागांतील बागायतदारांना 'कन्साइनमेंट', 'डिटेन', 'रिजेक्ट', 'ट्रेसेबिलिटी' हे शब्द एरवी ज्या वेगाने कळले नसते त्या वेगाने त्या वर्षी कळले. इतकी महाग शिकवणी कोणत्याही वर्गाची नसेल.

येथे दोन शब्दांतील भेद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अन्नविषयक इंग्रजी बातम्यांत 'कंटॅमिनेशन' आणि 'अडल्टरेशन' हे दोन्ही शब्द येतात आणि मराठीत दोन्हींना सर्रास 'भेसळ' म्हटले जाते. ते चूक आहे. कंटॅमिनेशन म्हणजे नको असलेला अंश मालात शिरणे. त्यामागे हेतू असेलच असे नाही. अडल्टरेशन म्हणजे लाभासाठी जाणूनबुजून केलेली मिसळ. उदाहरणार्थ, हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी संयुग घालणे. आरंभी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांतील भेद बालपणापासून ऐकलेल्या श्रावकाला हा फरक समजण्यास क्षणही लागू नये. एकीत दक्षतेचा अभाव आहे, दुसरीत संकल्पाचा दोष आहे. परदेशी तपासणी अहवालात यांपैकी कोणता शब्द वापरला आहे यावर पेढीची अब्रू अवलंबून असते.

यातूनच तिसऱ्या अणुव्रताचा विषय निघतो. अचौर्याणुव्रत म्हणजे केवळ दुसऱ्याची वस्तू न उचलणे एवढेच पुष्कळांना वाटते. आचार्यांनी मात्र त्याचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते वाचताना एखाद्या आधुनिक व्यापार-कायद्याची प्रकरणे वाचत असल्याचा भास होतो. 'हीनाधिकमानोन्मान' म्हणजे वजनमापांत कमी-अधिक करणे. 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे अस्सलाच्या जागी नकली वस्तू खपवणे. आजच्या बातमीतला 'काउंटरफिट' तो हाच. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्याच जागी 'सदृशसन्मिश्र' असा शब्द योजला आहे, म्हणजे सारखी दिसणारी वस्तू मिसळणे. अडल्टरेशनला याहून नेमका प्रतिशब्द शोधून सापडणार नाही, आणि तो कित्येक शतके तयार आहे.

सर्वांत लक्षणीय अतिचार आहे 'विरुद्धराज्यातिक्रम'. 'तत्त्वार्थसूत्र' हा दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेला ग्रंथ. त्यात हा शब्द येतो. राज्याराज्यांत विरोध असताना तेथील मर्यादा ओलांडून, मोलाची वस्तू अल्प किमतीत पदरात पाडून घेण्याचा व्यवहार, असा त्याचा आशय पूज्यपादांच्या 'सर्वार्थसिद्धी' टीकेत उलगडतो. 'सँक्शन', 'एम्बार्गो', 'स्मगलिंग' हे सगळे शब्द या एका सामासिक पदाच्या छायेत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि नंतर रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून आणखी २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा सवलतीच्या तेलाविषयीच्या बातम्या वाचताना ही टीका आठवणे स्वाभाविक होते. मात्र राष्ट्राचे धोरण आणि श्रावकाचे व्रत एकाच मापाने मोजता येत नाही, हेही तेथेच सांगितले पाहिजे. त्याच वर्षी 'रेसिप्रोकल' हा शब्दही मथळ्यांत गाजला. त्याचा अर्थ 'परस्पर'. जैन प्रतीकाखालील सूत्रात परस्परांचा उपकार आहे. बातमीत परस्परांवर शुल्क होते.

अतिचार म्हणजे व्रताचा संपूर्ण भंग नव्हे. त्याला अनाचार म्हणतात. अतिचार हा पुष्कळदा प्रमादातून, असावधपणातून लागणारा दोष आहे. आज निर्यातदार ज्या कागदांवर सही करतो ते इंग्रजीत असतात. मालाचे मूळ कोठले, त्यात काय आहे, तो कोणत्या वर्गात मोडतो, कोणाकडे चालला आहे, हे सर्व तो 'डिक्लेअर' करतो, म्हणजे सत्य म्हणून जाहीर करतो. एके काळी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि बोटांचा शब्द पाळला जाई, कारण बोटांची भाषा दोघांनाही येत होती. आता सही ज्या वाक्याखाली होते त्या वाक्याचा अर्थ सही करणाऱ्याला कळत नसेल, तो केवळ एजंटावर विसंबून असेल, तर त्याने असत्य जाहीर केले की नाही हे त्याचे त्यालाच सांगता येणार नाही. व्रत पाळायचे तर व्रताची मर्यादा ज्या भाषेत आखली आहे ती भाषा समजली पाहिजे. इंग्रजी शब्द शिकण्याचे याहून गंभीर कारण व्यापारी समाजाला देता येईल असे वाटत नाही. नोकरीसाठी, प्रतिष्ठेसाठी इंग्रजी, हे त्याच्या खूप मागून येते.

समाजाच्या इतिहासात इंग्रजीकडे असे गंभीरपणे पाहणारी माणसे होऊन गेली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या, पुढे दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे एक धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९०५ मध्ये जैन धर्माचा परिचय करून देणारे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले, आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री म्हणून अंदाजपत्रकाची भाषाही हाताळली. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाहीत. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. जो माल विकायचा तो समजून विकायचा आणि जे शिकायचे ते हात राबवत शिकायचे, हे त्यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत स्पष्ट दिसते.

साखरेविषयी थोडे सांगावे लागेल, कारण कृष्णाकाठी तिच्यावाचून कोणताच विषय पुरा होत नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने साखरेची निर्यात १ जूनपासून 'रिस्ट्रिक्टेड' वर्गात घातली. अनेकांनी ती बंदी समजून भाव पडण्याची हाकाटी केली. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या भाषेत 'फ्री', 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'प्रोहिबिटेड' अशा तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. रिस्ट्रिक्टेड म्हणजे परवानगीने; प्रोहिबिटेड म्हणजे नाहीच. त्याच महिन्यात गव्हाची निर्यात मात्र खरोखर प्रोहिबिटेड झाली होती. दोन बातम्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला भेद तत्काळ कळला असता. त्याआधी २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी भारताच्या ऊसदर व साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये 'पॅनेल'चा निर्णय भारताविरुद्ध गेला आणि भारताने अपील केले. परंतु अपील ऐकणारे मंडळ, नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखल्यामुळे, डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते. त्यामुळे हे अपील शून्यात गेले असे वार्ताहर लिहीत. उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा, म्हणजे 'एफआरपी'चा प्रश्न जिनिव्हात चर्चिला जातो, हे ऊस उत्पादकाला ठाऊक असणे बरे.

हे वाचन घरी कसे करावे, असा प्रश्न साहजिक आहे. फार पसारा नको. इंग्रजी वृत्तपत्राच्या व्यापार पानावरील, घरच्या मालाशी संबंधित एकच बातमी घ्यावी. मुलांनी ती मोठ्याने वाचावी, मोठ्यांनी ऐकावी. वहीत चार रकाने आखावेत: शब्द, बातमीची तारीख, माल, आणि त्या दिवशीचा येथील बाजारभाव. शब्दकोशातील अर्थ शेवटी पाहावा; आधी मालावरून अर्थ लावून पाहावा. आठवड्याला पाच-सहा शब्द झाले तरी पुरे. या वाचनात वडीलधाऱ्यांची गरज का आहे, तेही लक्षात घ्यावे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवाला शब्द येतात, पण माल माहीत नसतो. आजोबांना माल तळहाताच्या रेषांसारखा माहीत असतो, पण शब्द येत नाहीत. नातू 'क्युअर्ड टर्मरिक' वाचतो आणि बरी झालेली हळद असा अर्थ लावून गोंधळतो, कारण शाळेत 'क्युअर' म्हणजे रोग बरा करणे. ओली हळद काढून ती शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग पॉलिश करायची, या सगळ्या खटाटोपाला व्यापारी इंग्रजीत 'क्युअरिंग' म्हणतात, हे आजोबांना न वाचताही सांगता येते. पुढच्या ओळीत 'फिंगर' आणि 'बल्ब' आले की नातू पुन्हा अडतो. तेव्हा आजोबांनी फडताळातून एक हळकुंड आणि एक गड्डा काढून त्याच्यासमोर ठेवावा.